पठारावरच्या शेतात ढेकळातून उडून गाणारा हा पक्षी कोणता?

पठारकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो. शेत पाटण तालुक्यात, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर. बांधावर उभं राहिलं की खाली तारळ्याचं खोरं दिसतं. साडेतीन एकरात नाचणी, थोडा भात, उरलेल्यात भुईमूग आणि घेवडा. मेचा शेवटचा आठवडा आहे, दोन वळीव झालेत, नांगरट अर्धी उरकलीय.

तर प्रश्न असा. रोज सकाळी सहाला आबा आणि मी शेतावर जातो, तेव्हा नांगरलेल्या पट्ट्यातून एक पाखरू उठतं. चिमणीपेक्षा जरा मोठं. रंग ढेकळाचा, त्यामुळे हललं नाही तर समोर असून दिसत नाही. उठलं की सरळ वर जातं, पंख फडफडवत तरंगत राहतं आणि गायला लागतं. थांबतच नाही. मधेच टिटवीसारखं ओरडतं, मधेच कोतवालाची नक्कल. पहिल्या दिवशी मला वाटलं वर चार पक्षी भांडतायत. मग गाणं एकदम बंद, आणि दगड टाकल्यासारखं खाली.

आबांना विचारलं. म्हणाले, "चंडूल हाय. त्यात काय बघायचं? बैलाचं दावं सोड."

नेटवर शोधलं तर चंडोलच सात-आठ प्रकारचे निघाले. माझा कुठला? दुसरं म्हणजे दुर्बीण घ्यावी का, आणि कुठली? आणि तिसरं: उरलेली नांगरट चार दिवसांत करायची आहे. त्याचं घरटं तिथं असलं तर?

---

यडा राघू

ढेकूळ गायला लागलं म्हणजे जमीन सुपीक आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे तेवढं व्यनि (खासगी निरोप) करा.

---

माणदेशी वारा

हा तर डोंबारी! दगडासारखा खाली येतो म्हणालात ना? आमच्या दहिवडीच्या माळावर ढीगभर आहेत. वर जाऊन सूर मारतो, जमिनीला टेकणार असं वाटतं तोच परत वर. डोंबाऱ्याचा खेळच.

---

पेन्शनर

डोंबारी वाटत नाही. तो चिमणीपेक्षा लहान असतो, पठारकर मोठा म्हणतायत. शिवाय डोंबारी नराचं पोट काळंकुळीत आणि गाल पांढरट, त्याला ढेकळाच्या रंगाचा कोणी म्हणणार नाही. (मादी मात्र मातकट असते, पण ती असलं काही करत नाही.) डोंबारी सूर मारताना लांबलचक शीळ घालतो, दुसऱ्यांच्या नकला करत बसत नाही.

साताऱ्याच्या आसपास तीस वर्षं फिरतोय, त्यावरून सांगतो. तुमच्या वर्णनात मला तीन उमेदवार दिसतात.

एक, झुडपी चंडोल. हा तारेवर नाहीतर झुडपाच्या शेंड्यावर बसतो, थोडंसंच वर जातो आणि पंख वर धरून, पाय खाली सोडून छत्रीसारखा तरंगत परत त्याच झुडपावर येतो. पंखात तांबूस रंग दिसतो. तुमचा सरळ वर जाऊन गात राहतो, म्हणून हा बाद.

उरले दोघे, आणि दोघेही तुरेवाले. मलबारी चंडोल आणि साइक्सचा चंडोल. इथं खरी गंमत आहे. मलबारी हा घाटमाथ्याचा, पावसाच्या मुलखातला. साइक्सचा हा दख्खनच्या कोरड्या माळावरचा. आपला जिल्हा दोघांच्याही वाट्याला आलाय. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात म्हसवडला पाचशेच्या आसपास. तुम्ही पाटणच्या सड्यावर, म्हणजे माझं मत मलबारीला. पण गावाच्या नावावरून पक्षी ठरवायचा नसतो. तीन गोष्टी बघून सांगा: डोक्यावर टोकदार तुरा आहे का? छातीवर रेघा ठळक आहेत की पुसट? पोट पांढुरकं आहे की विटकरी?

---

कृष्णाकाठची

पेन्शनर काका, मस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

दुर्बिणीबद्दल मी सांगते, कारण आधी चुकीची घेऊन पैसे घालवलेत. दुकानदारानं "ताई, जास्त पॉवरची घ्या" म्हणून वीसपट मोठं दाखवणारी गळ्यात मारली. हात जरा हलला की पक्षी चित्रातून गायब. चष्मा लावून तर कडेला नुसता काळा गोल दिसायचा. आता ८ बाय ४२ वापरते. पहिला आकडा कितीपट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहाटेच्या अंधुक उजेडात हीच बरी पडते. तुम्हाला चष्मा असेल तर दुकानात चष्मा लावूनच बघा, आणि बाहेर रस्त्यावर येऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळ्या चांगल्याच वाटतात.

पण खरं सांगू का? चंडोलासाठी दुर्बिणीपेक्षा बूड जास्त कामाचं. बांधाला टेकून अर्धा तास गप्प बसा. उभा माणूस त्यांना खटकतो, बसलेला चालतो. आणि गुरं चरत असतील तर त्यांच्या आडोशानं जा. माझ्या सासूबाई शेळ्यांमागं चालता चालता तित्तिराची अख्खी पिल्लावळ बघून येतात आणि मी दुर्बीण लावून नुसती झुडपं बघते.

---

यडा राघू

बूड ८ बाय ४२ आहे की १० बाय ५०, तेही सांगा म्हणजे अंदाज येईल.

---

कृष्णाकाठची

@यडा राघू, तुमच्यासाठी गोफण आहे माझ्याकडे.

---

शाळू

गोफण म्हटल्यावर राहवेना.

आमच्या जतला पक्षी बघायचे नसतात, हाकायचे असतात. जानेवारीत शाळू हुरड्यावर आला की भोरड्या येतात. गुलाबी अंग, काळं डोकं. फोटोत फार गोड दिसतं. हजारभर एकदम उतरल्या की कणीस असं सोलून काढतात की दाण्याच्या जागी नुसती टोपरं राहतात. लहानपणी शाळेच्या आधी दोन तास माळ्यावर उभं राहून डबा वाजवायचा, ही माझी ड्यूटी. आजोबांची गोफण सणसणली की सगळा थवा एकाच वेळी वळायचा. आकाशात चादर झटकल्यासारखा. अजून डोळ्यासमोर आहे.

आता गोफण कोण फिरवतंय? नायलॉनच्या जाळ्या आल्या. त्यात भोरड्या कमी अडकतात, घुबडं आणि वेडे राघू जास्त.

---

पेन्शनर

शाळू, तुमचा राग रास्त आहे. तरी भोरड्यांच्या बाजूनं एक सांगतो. या मध्य आशियाकडून येतात, अगदी जुलै-ऑगस्टातच पहिले थवे दिसायला लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. तिकडे पिल्लं वाढवायच्या दिवसांत त्या टोळ आणि नाकतोडे फस्त करतात. आपल्याकडेही शाळू यायच्या आधी किडेच खातात, फेब्रुवारी-मार्चात पळस-सावरीच्या फुलांवर असतात. म्हणून पळसमैना.

---

शाळू

टोळ तिकडं खातात आणि शाळू आमचा. छान वाटणी आहे.

---

घाटमाथा

पठारकर, पाखरू कुठलंही असो, घरटं सापडलं तर फोटो टाका, पण जागा टाकू नका. गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका सड्यावर कुणीतरी घरट्याचा फोटो ठिकाणासकट टाकला. पुढच्या रविवारी सहा गाड्या. थेट गवतावर चढवलेल्या. फोनवर पक्ष्याचा आवाज लावून नराला बोलवत होते, आणि तो बिचारा स्वतःच्याच आवाजाशी भांडायला येत होता, पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत मादी अंड्यांवर बसली नाही. मेच्या उन्हात अंड्याचं काय होतं ते सांगायला नको.

---

वृक्षमित्र

सगळं ठीक, पण मुळात हे सडे आणि माळ उघडेबोडके आहेत हीच समस्या आहे. आम्ही गावात मागच्या पावसाळ्यात आठशे झाडं लावली. झाडं आली की पक्षी आपोआप येतील. सागरेश्वर बघा, उजाड डोंगरावर माणसांनी उभं केलेलं जंगल आहे. आज तिथं हरणं आहेत, मोर आहेत.

---

घाटमाथा

सागरेश्वरबद्दल आदर आहेच. धों. म. मोहित्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. पण प्रत्येक माळ हा जंगल व्हायची वाट बघत पडलेला नसतो हो. आमच्या सड्यावर जांभा कातळ आहे, माती वितभर. कासवर झाडं का नाहीत? कुणी तोडली म्हणून नाही, मुळांना जागाच नाही म्हणून. आणि तिथं जे गवत, फुलं, चंडोल, टिटव्या आहेत त्यांना उघडाच माळ लागतो. चंडोलाला झाड दिलं तर तो काय करणार, लटकणार?

---

वृक्षमित्र

म्हणजे झाडं लावणं गुन्हा झाला का आता?

---

माणदेशी वारा

गुन्हा न्हाय, पण जागा बघून. आमच्याकडं माळावर चर खोदून गिरिपुष्प लावलं. झाडं चांगली आली, खोटं बोलत न्हाय. पण पूर्वी त्या माळावर धाविक पक्षी दिसायचे. तुरुतुरु पळायचे, थांबायचे, परत पळायचे. आता न्हाय दिसत. झाडाखालनं पळणार कुठं?

---

मॉडगिरी नको

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर होण्याआधी कुणीतरी चंडोलाकडे वळा.

---

डोंगरवाट

चंडोल नाही, पण सड्याबद्दलच एक. पवनचक्क्यांखाली घारी-ससाणे कमी दिसतात असं कुणाच्या लक्षात आलंय का? साताऱ्याच्याच चाळकेवाडी पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी अभ्यास केला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागापेक्षा नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट निघाले. आणि मग गळ्याला पंखा असलेले ते सरडे? शिकारी नाहीत म्हटल्यावर ते पवनचक्क्यांच्या भागात वाढले आणि धीटही झाले. माणूस अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाहीत. पण खाणारी तोंडं वाढल्यामुळे अंगानं बारीक.

---

यडा राघू

साहेब नसले की ऑफिसात गर्दी वाढते, काम होत नाही आणि डबा पुरत नाही. अभ्यास पटला.

---

पठारकर

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नेटवर्कसाठी टाकीवर चढावं लागतं म्हणून उशीर.

डोंगरवाट, तुम्ही म्हणता तसे सरडे आमच्या बांधावर पुष्कळ. मला वाटायचं माझीच भीड चेपलीय त्यांना.

दुर्बीण अजून घेतली नाही. कृष्णाकाठची यांच्या सल्ल्यानुसार बूड वापरलं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत मुंग्यांनी उठवलं. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन गेलो.

गावातल्या पोराच्या फोनमधल्या ॲपला आवाज ऐकवला. ॲपनं पहिल्यांदा टिटवी सांगितली, मग कोतवाल, मग आमचा कोंबडा. कोंबडा तेवढा खरा होता.

आता काका, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. काल तो माझ्यापासून वीस पावलांवर दगडावर येऊन बसला. तुरा आहे, अगदी टोकदार. वाऱ्यानं हलत होता. छातीवर रेघा ठळक, पावसाचे थेंब पडून ओघळल्यासारख्या. पोट विटकरी अजिबात नाही, मळक्या धोतरासारखं पांढुरकं. उडाला तेव्हा शेपटीच्या कडा तांबूस दिसल्या.

---

पेन्शनर

मलबारी. शंका नको. "पावसाचे थेंब ओघळल्यासारख्या" हे वाक्य कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं आहे.

---

माणदेशी वारा

थांबा थांबा. हे वाचून मी आज मुद्दाम माळावर गेलो. माझ्याकडं पण तुरेवाला निघाला! इतकी वर्षं मी सगळ्यांना डोंबारीच म्हणत होतो, दंडवत घ्या. पण माझा पठारकरांच्यापेक्षा लहान वाटतोय, पोट विटकरी, आणि रेघा बारक्या, नुसत्या छातीपुरत्या. मग हा तो साइक्सचा?

---

पेन्शनर

तोच! आता बघा, एकाच जिल्ह्यातले दोन सभासद, एका धाग्यावर दोन चंडोल. साइक्स म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला लष्करी अधिकारी. दख्खनची पाहणी करायच्या कामावर होता, आणि फिरता फिरता पक्षी गोळा करायचा. १८३२ साली त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. चंडोलाला नाव त्याचंच मिळालं.

मला अनेक वर्षं एक कुतूहल आहे: पश्चिमेचा मलबारी आणि पूर्वेचा साइक्सचा, यांची शीव आपल्या जिल्ह्यात नेमकी कुठं लागते? कोरेगाव-रहिमतपूरकडचं कुणी आहे का?

---

घेवडा

कोरेगावकर हजर. पण आमच्याकडं चंडोल कुठला आहे ते बघायला गेलो तर बायको म्हणाली, आधी गॅस संपलाय तो बघा. रविवारी बघतो.

---

आज्जीचा नातू

टिटवीचा विषय निघालाच आहे तर: टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, खोलगटात घातली की कमी. आमच्या आज्जीचा हवामान विभाग. यंदा कुणी बघितली?

---

पेन्शनर

बघितली की. एकाच गावात एकीनं बांधावर आणि एकीनं खळ्यात घातलीत. आता काय करायचं?

त्यापेक्षा टिटवीचं दुसरं काहीतरी बघा. भर उन्हात ती ओढ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. अंडी चार असतात, मातीच्या रंगाची, टोकं आत करून मांडलेली. हे लांबून, सावलीत बसून बघण्यासारखं आहे. जवळ गेलात तर ती डोक्यावर झेप घेईल आणि गावभर बोंब मारेल.

---

शाळू

आणि "पेर्ते व्हा" करून पावशा बोंबलायला लागला तरी पेरणी करू नका. मागच्या वर्षी ऐकलं आणि दुबार पेरणी झाली. भोरड्या आहेतच, आता पावशाही माझ्या यादीत.

---

घेवडा

रविवारचा अहवाल. रहिमतपूरच्या बाजूच्या माळावर दोन तास. तुरेवाला दिसला. रेघा मला ठळक वाटल्या, सोबतच्या मेव्हण्याला पुसट. पोट सकाळच्या उन्हात विटकरी, ढग आल्यावर पांढरं. काका, शीव बहुतेक माझ्या आणि मेव्हण्याच्या मधून जाते.

---

पेन्शनर

हाहाहा. उन्हात सगळंच विटकरी दिसतं. सूर्य पाठीशी ठेवून परत बघा. आणि मेव्हण्याला न सांगता तुमची नोंद आधी कागदावर लिहा.

---

पठारकर

धागा भलताच लांबला. तिसरा प्रश्न राहिला होता, त्याचं काय झालं ते सांगतो.

तो खाली उतरतो तिथं घरटं असेल असं धरून मी तीन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, ते उतरतात एकीकडे आणि ढेकळांतून पायी चालत जातात दुसरीकडे. चोचीत अळी धरून. मादीमागं नजर ठेवली तर न नांगरलेल्या पट्ट्यात, गवताच्या झुपक्याला लागून, दगडाच्या सावलीत वाटीएवढं घरटं. दोन पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर वाळक्या गवतासारखी लव. मी खाली वाकलो, माझी सावली पडली आणि दोघांनी एकदम चोची उघडल्या. त्यांना वाटलं आईच आली. लगेच मागे सरलो.

आबांना सांगितलं. काही बोलले नाहीत. "पाऊस थांबनार हाय का तुझ्या पाखरासाठी?" एवढंच.

आज सकाळी औत धरलं. मी दुसऱ्या टोकाला भुईमुगाचं बी सोलत होतो. बघतो तर झुपक्यापाशी आलं की आबा तास वाकडं घेतायत. बैलांनाही कळेना. शेताच्या मधोमध आता होडीच्या आकाराचं एक बेट राहिलंय, दीडेक गुंठ्याचं. शेजारचे तात्या बांधावरून ओरडले, "काय रं, दारू पिऊन नांगरलं का?"

आबा म्हणाले, "टिटवीची अंडी हायत. पाऊस बघायचाय औंदा."

टिटवी कुठली? चंडूल आहे म्हणायची लाज वाटली त्यांना.

---

यडा राघू

आमच्याकडे नीलपंखाला तास म्हणतात. म्हणजे आबांनी चंडोलासाठी तास वाकडा केला. हा विनोद कळायला दोन पक्षी लागतात.

---

कृष्णाकाठची

@पठारकर, पिल्लं किती दिवसांची असतील? गवत कापू नका एवढ्यात. आणि बेटाजवळ रोज एकाच वाटेनं जाऊ नका, मांजर-मुंगूस माग काढतात.

---

पठारकर

वाट बदलतोय, ताई. आज लांबूनच पाहिलं. दोघंही दगडाच्या बाहेर आलीत, अजून उडत नाहीत. मृग चार दिवसांवर आहे. आबा सकाळपासून तीनदा बेटाकडं जाऊन आले. विचारलं तर म्हणतात, पान्याचा अंदाज घेतोय.